सदतीस खोटी मतं

डेपोत तिला सगळे ड्युटीबाई म्हणायचे. कुठल्या ड्रायव्हरनं कुठली बस किती वाजता काढायची, कुणाची सुट्टी, कुणाची पाळी बदलली, हे ज्या भिंतभर तक्त्यावर लिहिलेलं असायचं तो तक्ता बावीस वर्षं तिच्या हातचा होता. राग कायम नाकावर. पाळी बदलून मागायला आलेला ड्रायव्हर खिडकीशी येऊन आधी तिचा चेहरा बघायचा आणि मग तोंड उघडायचं की नाही ते ठरवायचा. पण तिच्या तक्त्यात आपल्यावर अन्याय झाला असं डेपोतला एकही माणूस म्हणू शकत नव्हता. पहाटेची पहिली बस कुणालाच नको असायची. ती सगळ्यांच्या वाट्याला सारखी यायची. युनियनच्या पुढाऱ्याच्यासुद्धा.

लग्न केलं नव्हतं. कुणी खोदून विचारलंच तर "तक्त्यात बसलं नाही" म्हणायची आणि विचारणाऱ्याला खिडकीपासून हाकलायची. घरी ती आणि आई, दोघीच. थोरला भाऊ, दादा, फ्रिज दुरुस्त करायचा. त्याचं दुकान आणि घर चार रस्ते सोडून होतं.

या बाईचा जीव फक्त सिनेमात होता. खरं तर सिनेमापेक्षाही सिनेमावरच्या भांडणात.

सहा वर्षांपूर्वी कुणीतरी इंटरनेटवर 'आजवरचे सर्वोत्तम दहा सिनेमे' अशी यादी टाकली होती. ती वाचून तिचं डोकं फिरलं. तिनं खाली लिहिलं, "हे दहा कुणी ठरवले? एकमेकांशी लढवून बघितले का?" उत्तर आलं नाही. मग तिनं स्वतःचाच गट काढला आणि त्यात सिनेमांची बाद फेरी सुरू केली. दरवर्षी चौसष्ट सिनेमे. त्रेसष्ट सभासदांनी सुचवलेले, एक पंचाच्या हक्काचा. आई डब्यातून चिठ्ठ्या उचलायची, त्या क्रमानं जोड्या लागायच्या. दर जोडीवर तीन दिवस वाद, मग मतदान, हरेल तो घरी.

नियम तिचे, आणि पोलादी. नुसतं मत टाकून पळायचं नाही, दोन ओळींचं कारण लिहायचं. आणि जो पंच आहे त्यानं वादात पडायचं नाही. पंच अर्थात तीच होती. म्हणजे जिला भांडायची सगळ्यात जास्त हौस, तिनंच सहा वर्षं तोंडाला कुलूप लावून इतरांची भांडणं सोडवली होती.

पण काय भांडणं असायची ती! नावांचा घोटाळा नको म्हणून तिथं सिनेमे खुणेनंच ओळखले जायचे. 'तुरुंगातल्या आचाऱ्याचा', 'दोन न्हाव्यांचा', 'मुक्या वकिलाचा'. दोन न्हाव्यांच्या सिनेमात शेवटी एक म्हातारा न्हावी आपल्या जन्माच्या वैऱ्याची दाढी करतो, तेव्हा त्याचा हात थरथरतो. तो रागानं थरथरतो की वयानं, यावर एकदा तीन दिवसांत दोनशे बारा संदेश पडले होते. हा सिनेमा मांडणारे एक दातांचे डॉक्टर होते. त्यांनी शेवटी लिहिलं, "वयानं थरथरणारा हात मी रोज बघतो. माझाच आहे. हा तसा नाही, हा रागाचा आहे." त्यावर वाद मिटला नाहीच, पण त्या आठवड्यात डॉक्टरांचे दोन पेशंट कमी झाले, असं ते स्वतःच हसत सांगायचे.

गटात एक नर्सही होती. तिनं गटातलं नाव 'गप्पगुमान' असं घेतलं होतं आणि ती नावाला जागायची. दोन ओळी म्हणजे दोनच. पण त्या दोन ओळींनी भल्याभल्यांच्या वीस ओळी आडव्या व्हायच्या.

ड्युटीबाईचा स्वतःचा सिनेमा दरवर्षी तोच असायचा. नावेचा. एक बाई नदीवर माणसं पलीकडे पोचवते, तिच्या डोळ्यांदेखत तिथं पूल बांधला जातो आणि शेवटी त्या पुलावरून ती चालत जाते. एवढाच. ती नऊ वर्षांची आणि दादा बारा वर्षांचा असताना बाबांनी दोघांना थिएटरात नेऊन दाखवलेला तो एकमेव सिनेमा. पुढं बाबा फार दिवस राहिले नाहीत. दरवर्षी तो पहिल्या फेरीत आपटायचा, फार तर दुसऱ्या. दरवर्षी ती एका ओळीत निकाल लावायची: "नावेचा बाद." दुसरा शब्द नाही. एका वर्षी मात्र तिला दोन दिवस जेवण गेलं नाही. ते फक्त आईनं पाहिलं होतं.

सातव्या वर्षी नवल झालं. नावेचा सिनेमा पहिली फेरी तरला. दुसरी जेमतेम तरला. तिसऱ्या फेरीत त्याची गाठ दोन न्हाव्यांशी होती. आता संपलंच, असं तिनं मनाशी धरलं. पण त्याच आठवड्यात गटात नवी माणसं भराभर यायला लागली. शांत झुळूक, निळा डोंगर, एकटा पांथस्थ, अशी एकेकाची नावं. तिला वाटलं, चला, आपल्या गटाचं नाव होतंय. तिनं एकेकाला वेगळं लिहून स्वागत केलं, नियम समजावून सांगितले. सदतीस माणसं, सदतीस वेगळी स्वागतं. आणि नावेच्या सिनेमानं न्हाव्यांना हरवलं. पुढच्या फेरीत मुक्या वकिलाला. मग आणखी एकाला. अंतिम सामना तुरुंगातल्या आचाऱ्याशी. मंगळवारी संध्याकाळी मतदान बंद झालं तेव्हा आकडे होते चौऱ्याहत्तर आणि एकोणपन्नास. नाव पार लागली होती.

ती स्वयंपाकघरात गेली, आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि ढसाढसा रडली. आई पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "बघ, जिंकलाच की नाही शेवटी?" त्या 'शेवटी'त काहीतरी होतं, पण तिचं लक्ष नव्हतं.

निकाल जाहीर करायच्या आधी प्रत्येक मताचं कारण वाचायचं हा तिचा रिवाज. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत डेपोच्या खोलीत ती वाचत बसली. वाचता वाचता तिला काहीतरी टोचायला लागलं. नव्या सदतीस जणांची मतं एक ते दोनच्या दरम्यान आली होती. सगळी. तिनं सवयीनं कागद ओढला आणि वेळा मांडल्या. एक वाजून दोन, एक वाजून तीन, एक वाजून पाच. दीड-दीड मिनिटाच्या अंतरानं, रांगेत.

"इतक्या वेळेवर तर आमची बसही सुटत नाही," ती स्वतःशीच म्हणाली.

तरीही ती जरा थांबली. माणसाला आपल्या आनंदावर लगेच संशय घ्यायचा नसतो. मग निळ्या डोंगराचं कारण तिच्यासमोर आलं. लिहिलं होतं: "सिनेमा खूप आवडला. त्यातला तो टॉर्चवाला माणूस मुलांना पाणी देतो तो प्रसंग तर फारच छान."

नावेच्या सिनेमात टॉर्चवाला माणूस नव्हता. टॉर्चवाला होता तो थिएटरात. मध्यंतरात दादाला तहान लागली होती, बाबांना गर्दीतून बाहेर जाता येईना, तेव्हा जागा दाखवणाऱ्या माणसानं टॉर्च काखेत धरून आपल्या बाटलीतलं पाणी दोघा भावंडांना पाजलं होतं. हे जगात तीनच माणसांना माहीत होतं. त्यांतलं एक आता नव्हतं, आणि एक ती स्वतः होती.

तिनं कागदाचा बोळा केला. तिचे कान तापले. खिडकीशी एक ड्रायव्हर काही मागायला उभा होता, तो न सांगताच निघून गेला.

चार वाजता पाळी सुटली आणि ती तडक दादाच्या दुकानात गेली. दादा एका फ्रिजची पाठ उघडून त्यात डोकं घालून बसला होता. वहिनी टेबलाशी पावत्या लावत होती.

"शांत झुळूक कोण?" तिनं दारातूनच विचारलं.

दादा बाहेर आला. चेहऱ्यावर चक्क हसू. "ओळखलंस? मला वाटलंच होतं, ओळखशील. पण जिंकला की नाही तुझा सिनेमा?"

"दादा, सदतीस माणसं तू?"

"चाळीस करणार होतो. नावं सुचेनात."

वहिनीच्या हातातली पावती तिथंच राहिली. "कसली माणसं?" तिनं विचारलं. तिला खरोखर काही माहीत नव्हतं.

"तुमचा नवरा रोज जेवणाच्या सुट्टीत सदतीस माणसं होतो, वहिनी. डबा खायचं सोडून. आणि वर लिहितो काय, तर 'या सिनेमाचा गॅस शेवटपर्यंत टिकतो'! सिनेमाला गॅस असतो? मला तेव्हाच कळायला हवं होतं, मूर्ख मी!"

"अगं, चांगलं म्हणायचं होतं मला," दादा म्हणाला. त्याचं हसू आता उतरायला लागलं होतं. "आईनं सांगितलं होतं, तो सिनेमा हरला तेव्हा तू दोन दिवस जेवली नव्हतीस. दरवर्षी हरतो, दरवर्षी तुझं तोंड उतरतं. म्हटलं, एकदा जिंकू दे बिचारीला. कुणाचं काय बिघडतं?"

'बिचारी' ऐकून तिचा तोल सुटला.

"बिचारी? मी? बावीस वर्षं तीनशे ड्रायव्हरांना न्याय देते मी, आणि तू मला खेळण्यातला विजय आणून देतोस? लहान मुलाला पत्त्यात जिंकवतात तसा? तो सिनेमा दरवर्षी हरतो ना, तो खरा हरतो. माणसं तो बघतात, विचार करतात, दोन ओळी लिहितात, आणि मग त्याला हरवतात. हरला तरी त्याचा मान असतो रे त्यात! तू त्याची लाज काढलीस. आणि माझी काढलीस. सदतीस वेळा स्वागत केलं मी तुझं. एकेकासाठी वेगळं वाक्य शोधत बसले होते मी, वेगळं!"

"एवढं काय त्यात? सिनेमाच तर आहे," दादा पुटपुटला.

ती निघाली. उंबऱ्याशी वळून म्हणाली, "माझ्या घरी यायचं नाही. आईला भेटायचं असेल तर मी कामावर असताना भेट."

घरी आईचीही सुटका झाली नाही. "तुला माहीत होतं?"

आई भाजी निवडत होती. "होतं," ती म्हणाली. "आणि त्या तीसएक नावांपैकी सहा मी सुचवली. एकटा पांथस्थ माझा." मग मान वर न करता म्हणाली, "रागाव. मला रागावलेली चालतेस. न जेवलेली चालत नाहीस."

ती रागावली, अगदी मनापासून. मग आईसमोर ताट घेऊन बसली आणि रागारागानं दोन पोळ्या जास्त खाल्ल्या, फक्त आईला तो मुद्दाही मिळू नये म्हणून.

त्याच संध्याकाळी तिनं गटात सगळं लिहिलं. काही लपवलं नाही. "सदतीस मतदार खोटे होते. ते माझ्या सख्ख्या भावानं तयार केले होते. मला माहीत नव्हतं, पण माझ्या डोळ्यांदेखत झालं, म्हणून दोष माझा. तिसऱ्या फेरीपासूनचे नावेचे सगळे निकाल रद्द."

मग जे सुरू झालं ते ती कधी विसरली नाही. कुणी लिहिलं, एवढं मनावर घेऊ नका. कुणी हसणारे चेहरे टाकले. आणि एकानं, ज्याच्या भांडणात तिनं दोन वर्षांपूर्वी त्याची बाजू खरी ठरवली होती, त्यानं लिहिलं: "बाईंना माहीत नव्हतं म्हणे. भाऊ काय हवेत मतं टाकत होता? यांनीच करवून घेतलं असणार. पकडल्या जाणार असं दिसलं म्हणून साळसूदपणा." त्याला बारा जणांनी दुजोरा दिला. बारा. तिनं नावं मोजली होती.

न्हाव्यांच्या डॉक्टरांनी लिहिलं, "जाऊ द्या हो ड्युटीबाई. सिनेमाच तर आहेत."

बारा जणांपेक्षा तिला याचा राग जास्त आला. तिनं त्यांना सरळ फोनच लावला. सहा वर्षांत पहिल्यांदा.

"डॉक्टर, तुमचा सिनेमा खोटेपणानं बाद झाला, आणि तुम्ही म्हणता जाऊ द्या?"

"अहो, तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हटलं मी."

"मला बरं वाटावं म्हणून आधीच एकानं पुष्कळ केलंय. तुम्ही न्हाव्याच्या हातावर दोनशे बारा संदेश पाडले होते की नाही? तेव्हा 'सिनेमाच तर आहे' होतं का?"

मग डॉक्टर म्हणाले, "नव्हतं. तुमचं बरोबर आहे. खरं सांगू? न्हावी हरला तेव्हा मी दुसऱ्या दिवशी दवाखाना अर्धा तास उशिरा उघडला. तोंड दाखवावंसं वाटेना."

"मग तसं लिहा ना गटात!"

त्यांनी लिहिलं. आणि खाली लिहिलं, "मला माझा सामना परत हवा आहे."

तिनं सामना परत लावला. पण पंच म्हणून नाही. तिनं पंचपद सोडलं आणि ते गप्पगुमानकडे दिलं. नर्सनं उत्तर पाठवलं: "घेते. तुम्ही आता वादात उतरा, सहा वर्षांची थकबाकी आहे."

आणि ती उतरली. तीन दिवस ती अक्षरशः पेटली होती. डेपोतून येता-जाता, चहा उतू जात असताना, ती लिहीत होती. पूल बांधणाऱ्या इंजिनिअरला ती बाई नावेतून पलीकडे का नेते, भाडं का घेत नाही, तिची पाठच चेहऱ्याइतकी का बोलते, असं सगळं, इतकी वर्षं दाबून ठेवलेलं. डॉक्टर तिच्या एकेका मुद्द्याला दात उपटावा तसे उपटत होते. "तुमच्या नावाडिणीला राग येतच नाही. ज्याचं सगळं जातं त्या माणसाला राग नको?" "येतो! वल्ही बघा तिची! शेवटच्या फेऱ्यांत ती वल्ही पाण्यात घालत नाही, मारते!" ज्या बारा जणांनी तिच्यावर आळ घेतला होता त्यांतल्या चौघांनी याच वादात तिची बाजू घेतली. माफी कुणीच मागितली नाही. तिनंही ती मागायला लावली नाही, पण तो आळ ती विसरलीही नाही. ज्यानं सुरुवात केली होती, त्याच्या एकाही ओळीला तिनं उत्तर दिलं नाही, आजही देत नाही.

मतदानाच्या दिवशी दुपारी एक नवा सभासद आला. गटातलं नाव: 'फ्रिजवाला दादा'. फोटोत त्याचा स्वतःचा चेहरा, घामाघूम, हातात पाना. त्यानं मत टाकलं. न्हाव्यांना.

तिनं ते डेपोत वाचलं आणि तिचा पारा चढला. सदतीस वेळा माझ्या बाजूनं, आणि जे एक खरं मत ते विरुद्ध! मग तिनं कारण वाचलं. दोन ओळींच्या जागी सहा ओळी होत्या.

"मी लहानपणी नावेचा सिनेमा पाहिला असं सगळ्यांना सांगत आलो. खोटं आहे. मध्यंतरापर्यंत मी झोपलो होतो आणि नंतरही. मला फक्त एका माणसानं पाणी पाजल्याचं आठवत होतं, ते मी सिनेमातलं समजत होतो. परवा पहिल्यांदा नीट पाहिला. चांगला आहे. पण शेवटी ती बाई पुलावरून जाते तेव्हा तिची नाव कुठं आहे ते दाखवलेलंच नाही. एखादं यंत्र बंद केलं तर ते कुठं ठेवलं हे मला कळावं लागतं. न्हाव्यांच्या सिनेमात वस्तरा शेवटी कुठं जातो ते दिसतं. म्हणून माझं मत न्हाव्यांना."

तिनं तो सिनेमा आयुष्यात चाळीस वेळा तरी पाहिला असेल. नाव कुठं गेली, हा प्रश्न तिला एकदाही पडला नव्हता. म्हणून तर ती जास्तच चिडली.

आठ वाजता गप्पगुमाननं निकाल लावला. न्हावी चव्वेचाळीस, नाव एकोणचाळीस. खाली तिच्या दोन ओळी: "एकोणचाळीस खरी मतं. सात वर्षांत एवढी या सिनेमाला कधी पडली नव्हती."

रविवारी दुपारी दादा दारात उभा राहिला. तिनं मज्जाव केला होता ते दोघांच्याही लक्षात होतं. ती बाजूला झाली नाही.

"माफी मागायला आला असशील तर सदतीस वेळा माग," ती म्हणाली. "शांत झुळूकपासून सुरू कर."

"माफी नंतर. आधी नाव कुठं आहे ते सांग."

"आहे ती! डाव्या कोपऱ्यात, खांबाशी बांधलेली. तुला डोळे असले तर दिसेल."

"तो ओंडका आहे."

"ओंडका? दोरी दिसत नाही तुला? ये आत, दाखवते!"

त्यांनी शेवटची दहा मिनिटं पाचदा पाहिली. थांबवून, मागं नेऊन, पडद्याला नाक लावून. दादा म्हणत होता ओंडका, ती म्हणत होती नाव, आणि दोघांचे आवाज जिन्यापर्यंत जात होते. वहिनीचा फोन आला, "झाली का माफी?" दादानं सांगितलं, "अजून तिथवर आलो नाही." आईनं चष्मा लावून पडद्याकडं बघितलं आणि म्हणाली की तिला ती म्हैस वाटते.

माफ केलं का तिनं त्याला? नाही. कुणी विचारलं तर ती आजही तोंडावर सांगते की केलेलं नाही. पुढच्या वर्षीची चौसष्टची यादी निघाली तेव्हा नर्सनं पंचपद परत देऊ केलं, तर ड्युटीबाईनं साफ नाकारलं. तिला आता भांडायचं होतं. दादानं त्या वर्षी पहिल्यांदाच स्वतःचा एक सिनेमा सुचवला, बर्फाच्या कारखान्यातल्या संपाचा. पहिल्याच फेरीत ड्युटीबाईनं त्याच्या विरुद्ध चौदा ओळी लिहिल्या, आणि तो आपटला.